दादासाहेब फाळके यांचे छायाचित्रण

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०, मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ओळखले जातात. ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती होय. हा चित्रपट पडद्यावर आला तेव्हा फाळके ४३ वर्षांचे होते आणि कॅमेरा हाती घेऊन त्यांना २० वर्षांहून अधिक काळ लोटला होता. या काळात ते हौशी छायाचित्रकार, स्टुडिओचे चालक, ठसे तयार करणारे कारागीर, नाटकांच्या पडद्यांचे चित्रकार, जादूगार, पुरातत्त्व खात्याचे छायाचित्रकार आणि मुद्रक अशा अनेक भूमिकांतून गेले. त्यांच्या चरित्रांत हा भाग बहुधा प्रस्तावनेसारखा उरकला जातो. प्रस्तुत लेखात तो विस्ताराने दिला असून चित्रपटांचा तपशील प्रसंगापुरताच घेतला आहे.

बालपण आणि शिक्षण

फाळके यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची संस्कृतच्या अध्यापकपदी नेमणूक झाली आणि कुटुंब त्र्यंबकेश्वराहून मुंबईस आले. वेदशास्त्रसंपन्न घरातल्या मुलाने चित्रकलेकडे वळावे ही त्या काळी सहज घडणारी गोष्ट नव्हती. तथापि १८८५ मध्ये धुंडिराज यांनी सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि रेखनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यानंतर ते थोरले बंधू शिवरामपंत यांच्यासमवेत बडोद्यास गेले. त्यांचा पहिला विवाह तेथेच झाला.

कलाभवनातील प्रयोग

सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यात उभे राहिलेले कलाभवन हे आजच्या अर्थाने केवळ चित्रकलेचे विद्यालय नव्हते. रंगकाम, यंत्रकाम, रसायन, वास्तुरेखन असे व्यवसायोपयोगी विषय तेथे शिकवले जात. प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे नामवंत रसायनज्ञ होते. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी फासलेले डांबर पुढे याच गज्जरांनी रासायनिक प्रक्रियेने काढले. छायाचित्रण ही त्या काळी निम्मी कला आणि निम्मे रसायनशास्त्र असल्याने फाळके यांना असा गुरू लाभणे ही मोठीच अनुकूलता ठरली.

तैलरंग व जलरंग यांचे शिक्षण घेत असतानाच १८९० मध्ये फाळके यांनी एक कॅमेरा विकत घेतला आणि चित्रे टिपणे, धुणे व छापणे हे सर्व स्वतःच्या हाताने करून पाहण्यास आरंभ केला. याआधीच्या पिढीला काचेवर ओले रसायन पसरून ती वाळण्यापूर्वीच चित्र टिपावे व धुवावे लागे. छायाचित्रकार बाहेरगावी निघाला म्हणजे तंबू, बाटल्या आणि पाण्याची पिंपे बरोबर घेऊन निघे. फाळके यांच्या तरुणपणी कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या होत्या. कॅमेरा त्यामुळे हौशी माणसाच्या आवाक्यात आला. मात्र काचा, रसायने आणि कागद यांचा खर्च विद्यार्थ्याला सहज झेपणारा नव्हता, आणि एक चुकलेली काच म्हणजे वाया गेलेला पैसा असे.

१८९२ मध्ये अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात फाळके यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली व तिला सुवर्णपदक मिळाले. ती पाहून प्रसन्न झालेल्या एका चाहत्याने त्यांना एक भारी किमतीचा कॅमेरा भेट दिला. पदकापेक्षा ही भेट त्यांच्या अधिक उपयोगी पडली.

याच सुमारास त्यांनी हाफटोन ठसे, फोटो-लिथो आणि तीन रंगांचे छायाचित्रण यांचे सहा महिन्यांचे शिक्षण घेतले. पुढे गज्जरांनी त्यांना रतलाम येथे बाबूलाल वरुवळकर यांच्याकडे अधिक अभ्यासासाठी पाठवले. हाफटोन ही प्रक्रिया येथे समजून घेणे आवश्यक आहे. छापखान्याची शाई कागदाला लागते किंवा लागत नाही. मधल्या फिकट-गडद छटा तिला देता येत नाहीत. म्हणून मूळ छायाचित्र बारीक रेघांची जाळी असलेल्या काचेतून पुन्हा टिपून त्याचे लहानमोठे ठिपके करतात. गडद जागी मोठे ठिपके, उजळ जागी लहान. वाचकाचा डोळा ते ठिपके आपोआप एकत्र करतो आणि त्याला अखंड चेहरा दिसतो. तीन रंगांच्या छपाईत हेच काम रंगीत काचांमधून तीन वेळा करून पिवळा, किरमिजी आणि निळा असे तीन ठसे एकमेकांवर केसभरही न हलता बसवावे लागतात. तुकड्यांतून अखंडाचा भास निर्माण करण्याची ही विद्या फाळके यांनी चलच्चित्र पाहण्याच्या २० वर्षे आधी हस्तगत केली होती. चित्रपटातील दुहेरी चित्रणासाठी जो काटेकोरपणा लागतो तो त्यांच्या हाताला रतलामच्या या कामाने लावला, असे मानण्यास जागा आहे.

१८९३ मध्ये गज्जरांनी कलाभवनाचा स्टुडिओ व प्रयोगशाळा त्यांना वापरण्यास दिली आणि फाळके यांनी स्वतःच्या नावाने खोदकाम व फोटो-छपाईचे काम सुरू केले. कौशल्य भरपूर होते. मिळकत मात्र बेताचीच राहिली.

गोध्रा आणि बडोदा : कॅमेऱ्याची भीती

हौसेने पोट भरत नाही हे ध्यानी आल्यावर १८९५ मध्ये त्यांनी छायाचित्रण हाच व्यवसाय करण्याचे ठरवले आणि गोध्रा येथे स्टुडिओ थाटला. हा व्यवसाय काही वर्षे चालला. त्यानंतर प्लेगने गोध्रा गाठले. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली ही साथ पुढील काही वर्षांत पश्चिम हिंदुस्थानातील गावोगावी पसरली होती. १९०० मध्ये फाळके यांची पत्नी आणि मूल या साथीत दगावले. ते गोध्रा सोडून बडोद्यास परतले.

बडोद्यात त्यांनी पुन्हा स्टुडिओ काढला, पण गिऱ्हाईक येईना. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढून घेतलेला मनुष्य लवकर मरतो, असा समज शहरात पसरला होता. हा समज केवळ अशिक्षितांपुरता नव्हता. राजघराण्यातील एका राजपुत्रानेही आयुष्य घटेल या भीतीने फोटोस नकार दिला. फाळके यांनी त्याची समजूत घातली आणि दरबारात छायाचित्रणाचे फायदे सांगितले. राजपुत्र राजी झाला, परंतु शहर राजी झाले नाही. ज्या लोकांनी नुकताच प्लेग पाहिला होता त्यांना मृत्यूची शंका घेण्यास निमित्त पुरेसे होते, ही गोष्ट या समजाकडे हसून पाहताना विसरता कामा नये. स्वतः फाळके यांच्या घरातही मृत्यू येऊन गेला होता. तरीही त्यांनी कॅमेरा टाकला नाही.

उदरनिर्वाहासाठी ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. त्यातून रंगभूमीची अंतर्बाह्य माहिती झाली आणि काही किरकोळ भूमिकाही वाट्यास आल्या. बडोद्यात दौऱ्यावर आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी हातचलाखीचे खेळ शिकून घेतले. १९०१ च्या अखेरीस ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जाहीर प्रयोग करू लागले. फाळके हे आडनाव उलटे वाचले की हे नाव होते. प्रेक्षकाची नजर एका जागी गुंतवून दुसऱ्या जागी काम साधणे हे जादूगाराचे तंत्र त्यांनी पुढे कॅमेऱ्यात उतरवले.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह गिरिजा करंदीकर यांच्याशी झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या त्या नात्यातील होत्या. विवाहानंतर त्यांचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. फाळके यांच्या पुढील सर्व प्रयोगांत या सरस्वतीबाईंचा वाटा इतका आहे की, त्यांना केवळ सहचारिणी म्हणून नोंदवणे अपुरे ठरते.

पुरातत्त्व खाते आणि छापखाना

१९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून रुजू झाले. नोकरी स्थिर होती. पण १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट उसळली आणि १९०६ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. रा. गो. भांडारकर यांच्या भागीदारीत त्यांनी लोणावळा येथे खोदकाम व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या नावाने चालणाऱ्या मुद्रणालयासाठी फोटो-लिथोचे काम हे या कारखान्याचे मुख्य काम होते. घरोघरी देव्हाऱ्यात आणि भिंतींवर जाऊन बसलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी कशा तयार होतात हे फाळके यांनी येथे जवळून पाहिले. देवदेवतांचे चित्र लोकांच्या घरात थेट पोहोचते, हा त्यांच्यासाठी ऐकीव सिद्धांत नव्हता. ते त्यांचे रोजचे काम होते.

पुढे कारखाना दादरला हलला. १९०८ मध्ये भागीदार बदलून पुरुषोत्तम मावजी आले आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ हे नाव पडले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. धंदा वाढला, तसे मतभेदही वाढले. अखेर त्यांनी कोणताही मोबदला न घेता भागीदारी सोडली. चाळिशी उलटलेला, संसारी आणि हाताशी भांडवल नसलेला असा हा मनुष्य पुन्हा रिकामा झाला.

चलच्चित्राचा ध्यास

एप्रिल १९११ मध्ये ईस्टरच्या सुमारास फाळके थोरला मुलगा भालचंद्र याच्यासह गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूत प्राण्यांवरील एक चलच्चित्र पाहण्यास गेले. घरी आल्यावर मुलाने पडद्यावर जिवंत प्राणी हलताना पाहिल्याचे आईला सांगितले. घरात कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सर्व कुटुंबाला घेऊन गेले. त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट लागला होता. पडद्यावर ख्रिस्त पाहत असता आपल्या राम-कृष्णांना याच रूपात आणता येईल, हा विचार फाळके यांच्या मनात रुजला. हा प्रसंग मराठी वाचकाला परिचित आहे. त्यानंतरचे वर्ष तितकेसे परिचित नाही.

फाळके यांनी एक लहानसे चलच्चित्राचे यंत्र आणि फिल्मची रिळे मिळवली. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगावर एकवटून ते भिंतीवर चित्रे पाडून पाहत. दररोज चार-पाच तास ते चित्रपट पाहण्यात घालवत. उरलेला वेळ परदेशी माहितीपुस्तके आणि सूचिपत्रे वाचण्यात जाई. झोप नाही, उत्पन्न नाही आणि डोळ्यांना विसावा नाही, असा हा क्रम होता. परिणामी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि काही काळ त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. छायाचित्रकाराला याहून मोठी शिक्षा नाही. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने त्यांना पुन्हा दिसू लागले. ते बरे होताच पुन्हा त्याच कामाला लागले.

चित्रपटासाठी लागणारी सामग्री इंग्लंडमध्येच मिळणार होती. भांडवल देण्यास कोणी तयार नव्हते. फाळके यांनी आपल्या १२,००० रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून १०,००० रुपये उभे केले. म्हणजे आपल्या पश्चात कुटुंबाला जे मिळणार होते तेच त्यांनी कॅमेऱ्यासाठी पणाला लावले.

लंडन

१ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी लंडनसाठी प्रस्थान ठेवले. तेथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांची त्यांनी ओळखीवाचून भेट घेतली. हिंदुस्थानच्या हवेत हा धंदा चालणार नाही, असा सल्ला कॅबोर्न यांनी प्रथम दिला. फाळके यांची तयारी पाहून मात्र त्यांचे मत पालटले आणि त्यांनी त्यांना चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. हेपवर्थ यांचे वडील जादूच्या कंदिलाचे खेळ करणारे व्याख्याते होते. चित्रे, रसायने आणि जादू यांच्या एकाच वळणाने दोघेही या व्यवसायात आले होते. हेपवर्थ यांनी आपल्या वॉल्टन येथील स्टुडिओची सर्व दालने फाळके यांना दाखवली.

या दोघांच्या सल्ल्याने फाळके यांनी ५० पौंडांना विल्यमसन बनावटीचा कॅमेरा खरेदी केला. त्या वेळच्या दराने ही रक्कम ७५० रुपये होते. हा कॅमेरा ज्यांच्या नावाचा, ते जेम्स विल्यमसन मूळचे औषधविक्रेते. हौस म्हणून छायाचित्रणाकडे व त्यातून चित्रपटाकडे वळलेले. कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, पुढे भिंग आणि बाजूला हाताने फिरवण्याचा दांडा. दांडा सेकंदाला सुमारे दोन फेरे या सम गतीने फिरवला की सेकंदाला १६ चित्रे उमटत. वीज नाही, मोटार नाही. चित्राची गती छायाचित्रकाराच्या मनगटावर अवलंबून. याबरोबरच कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी त्यांनी नोंदवली. एप्रिलच्या आरंभी ते मुंबईस परतले आणि ‘फाळकेज फिल्म्स’ ही संस्था स्थापन झाली.

अंकुराची वाढ

मे १९१२ मध्ये यंत्रसामग्री दादरच्या घरी पोहोचली. सोबत आलेल्या आकृत्या व माहितीपुस्तिका यांच्या आधारे फाळके यांनी चार दिवसांत कॅमेरा जोडून सज्ज केला. आसपासच्या मुलामुलींचे खेळ टिपून त्यांनी पहिली चाचणी घेतली.

कच्ची फिल्म त्या वेळी कडांना भोके न पाडताच येत असे. ती भोके अंधारात, मंद लाल दिव्यापुढे पाडावी लागत; त्या काळच्या फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसत नसे म्हणूनच एवढा उजेड चालत असे. घरची कामे आटोपल्यावर सरस्वतीबाई रात्री हे काम करीत. त्याचा व्याप आकड्यांवरून ध्यानात येईल. एक फूट फिल्ममध्ये १६ चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोके असतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती. म्हणजे केवळ अंतिम लांबीचाच हिशेब धरला तरी ५९,००० हून अधिक चित्रे आणि ४,७०,००० हून अधिक भोके होतात. वाया गेलेली फिल्म आणि दाखवण्याची प्रत यांसाठीचे काम निराळेच. भोक जरासे सरकले तरी पडद्यावर चित्र थरथरते. चित्रे धुण्याची रसायने मिसळणे, फिल्म धुणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर प्रकाश परतवणे हीही कामे सरस्वतीबाईंनी केली.

भांडवलदारांना चलच्चित्राची शक्ती प्रत्यक्ष दाखवल्याखेरीज पैसा मिळणार नव्हता. नट, वेशभूषा, पडदे यांना पैसे नव्हते. तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि कॅमेरा तिच्यासमोर रोवला. महिन्याहून अधिक काळ ते त्या कुंडीचे एक-एक चित्र घेत राहिले. तयार झालेली फिल्म पडद्यावर मिनिटभर चाले. दाणा फुटतो, अंकुर वर येतो, पाने उलगडतात आणि वेल आधार शोधत चढतो, हे सर्व प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत घडे. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही फिल्म प्रसिद्ध आहे.

या प्रयोगात दररोज एकच चित्र घेतले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. साधे गणित या विधानाच्या विरुद्ध जाते. सेकंदाला १६ या हिशेबाने मिनिटभराच्या फिल्मला ९६० चित्रे लागतात. रोज एक याप्रमाणे महिन्यात ३० होतील आणि ती दोन सेकंदांत संपतील. महिन्याभरात ९६० चित्रे व्हायची तर रोज ३२, म्हणजे दिवसाच्या उजेडात दर वीस-बावीस मिनिटांनी एक घ्यावे लागते. प्रयोग सांगितला जातो त्यापेक्षा कितीतरी अधिक चिकाटीचा होता, एवढाच याचा अर्थ. शिवाय इतके दिवस कॅमेरा तसूभर हलता कामा नये, कुंडी हलता कामा नये आणि प्रत्येक चित्राला सारखाच प्रकाश मिळाला पाहिजे. नाही तर पडद्यावर रोप वाढण्याऐवजी उड्या मारते आणि चित्र लुकलुकते. लहान मुले असलेल्या घरात हे पथ्य महिनाभर पाळले गेले.

निवडक लोकांपुढे ही फिल्म दाखवण्यात आली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी ती पाहून कर्ज देऊ केले. भारतीय चित्रपटाचे पहिले तारण म्हणून वाटाण्याच्या वेलाचे नाव घेण्यास हरकत नाही. उरलेली तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढली.

पूर्वसूरी

हिंदुस्थानात चलच्चित्र टिपणारे फाळके हे पहिले नव्हेत. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे कुस्तीचे आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले होते. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळजवळ वर्षभर आधी, कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. तथापि तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता, छायाचित्रकार इंग्रज होता आणि फिल्मवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली. फाळके यांच्या बाबतीत भोके पाडण्यापासून प्रत छापण्यापर्यंत प्रत्येक टप्पा दादरच्या घरात पार पडला. श्रेयाचा वाद अधूनमधून उपस्थित होतो. त्याचा निर्णय करताना हा फरक लक्षात घेणे आवश्यक आहे.

राजा हरिश्चंद्र

या चित्रपटाचे काम ६ महिने २७ दिवस चालले. दादरला उभारलेल्या देखाव्यांत सूर्यप्रकाशावरच चित्रीकरण होई. बाह्य चित्रण वांगणी येथे झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली आणि रोहिदासाचे काम भालचंद्र याने केले. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालवला. त्यांना ही विद्या फाळके यांनीच शिकवली होती. नट व कामगार मिळून ६०-७० माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे होता. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया नाट्यगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी कोरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसाठी खुला झाला.

नाशिक : कॅमेऱ्याच्या युक्त्या

१९१३ मध्ये फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. येथून पुढे ‘प्रोफेसर केळफा’ आणि छायाचित्रकार फाळके हे एकत्र आलेले दिसतात. त्यांच्या युक्त्यांचा मूळ आधार दोन गोष्टींवर होता. दांडा थांबवून देखाव्यात बदल करावा आणि मग पुन्हा फिरवावा, म्हणजे पडद्यावर वस्तू एकाएकी प्रकट किंवा गुप्त होते. किंवा भिंगाचा काही भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून अर्धे चित्र घ्यावे, फिल्म तितकीच मागे फिरवावी आणि झाकलेल्या भागावर दुसरे चित्र घ्यावे. दुसऱ्या प्रकारात किती फेरे झाले हे मोजून लक्षात ठेवावे लागे आणि चूक झाली की पहिले चित्रही वाया जाई. फिल्म धुतल्याखेरीज यशापयश कळण्याचा मार्ग नव्हता.

१९१४ मध्ये ते आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी तांत्रिक गुणांची वाखाणणी केली आणि इंग्लंडमध्ये राहून काम करण्याची विचारणाही झाली. ती त्यांनी स्वीकारली नाही. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, कर्जे मिळेनाशी झाली आणि परदेशी कच्च्या फिल्मची टंचाई झाली. मोठा चित्रपट काढणे अशक्य असताना त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ ही लहान फिल्म केली. आगकाड्या थोड्या-थोड्या हलवून दर वेळी एक चित्र घ्यायचे, म्हणजे त्या आपोआप नाचत असल्यासारख्या दिसतात. वाटाण्याच्या कुंडीचीच ही युक्ती. तेथे निसर्ग हलवत होता, येथे फाळके यांचा हात. ‘लक्ष्मीचा गालिचा’ या फिल्ममध्ये आगकाड्यांच्या जागी नाणी आली. नाशिक-त्र्यंबकचे देखावे, वेरूळची लेणी, तळेगावचा काच कारखाना यांवरही त्यांनी लहान फिल्म केल्या. कथाचित्रांच्या झगमगाटात या फिल्मकडे दुर्लक्ष झाले, ते योग्य झाले नाही.

१९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. चित्रपटाला लोटलेली गर्दी अभूतपूर्व होती. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळके यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. या चित्रपटाच्या आरंभी त्यांनी केवळ मंदाकिनीचा चेहरा पडद्यावर आणून तिचे बदलते भाव दाखवले आहेत. ज्याने आयुष्याची पहिली काही वर्षे स्टुडिओत बसून माणसांचे चेहरे टिपले, त्यालाच हे सुचू शकले असते.

उत्तरायुष्य

१९१८ मध्ये भागीदारांसह स्थापन झालेल्या हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीतही मतभेद झाले. फाळके काशीला गेले, ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि काही काळाने नाशिकला परतले. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि बोलपटांचे युग आल्याने त्याला नंतर आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट. ध्वनिमुद्रणाने चित्रीकरण बंद स्टुडिओत नेले होते आणि कॅमेरा आता मोटारीवर चालत होता. हाताने दांडा फिरवण्याचे, उन्हाचा अंदाज घेण्याचे त्यांचे कसब कोणाला नको झाले होते.

दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले आणि चित्रपटनिर्मितीस परवाना आवश्यक झाला. ७३ वर्षांच्या फाळके यांनी नवा चित्रपट काढण्यासाठी परवानगी मागितली. नकाराचे पत्र फेब्रुवारी १९४४ मध्ये आले आणि त्यानंतर दोन दिवसांनी, १६ फेब्रुवारी रोजी, नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

उपलब्ध चित्रफिती

फाळके यांनी सुमारे ९५ चित्रपट आणि त्याशिवाय २५ हून अधिक लघुपट केले. त्या काळची फिल्म नायट्रेटची असल्याने ती चटकन पेट घेई आणि न जळता राहिली तरी काळाने चिकट होऊन विरघळे. त्यामुळे यातील फारच थोडे उरले. पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी फाळके यांच्या कुटुंबीयांकडून काही रिळे मिळवून जतन केली. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली व शेवटची रिळे संग्रहात आहेत, ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची नसून १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ‘कालिया मर्दन’ बऱ्याच अंशी पूर्ण स्थितीत मिळाला. ‘चित्रपट कसा तयार करतात’ या १९१७ च्या लघुपटाचा काही भागही वाचला असून त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. ‘अंकुराची वाढ’ या फिल्मची प्रत आज उपलब्ध नाही.